दोन्ही टाचा जमिनीवर

ताईची अट एकच होती, आणि प्लास्टरमधला हात शपथ घ्यावी तसा उंचावून तिने ती सकाळीच जाहीर केली होती.

"गाडीवर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. चवडे नाही, टाचा. नाही टेकल्या, तर गाडी पुढच्या वर्षी."

आठ वर्षांच्या जिवाला पुढचे वर्ष म्हणजे पुढचा जन्मच. तरी माझी भाची चकार शब्द बोलली नाही. मला शंका यायला हवी होती ती तेव्हाच. जिला घरात सगळे भिंगरी म्हणतात ती पोर गप्प बसते तेव्हा एक तर तिला ताप असतो, नाहीतर तिचे काही कारस्थान शिजत असते.

मोटारसायकलशी माझे नाते जन्मभर मागच्या सीटचे. ताई चालवायची आणि मी तिच्या शर्टाचे टोक धरून मागे वळून पाहायचो. त्यामुळे लहानपणीचे सगळे रस्ते मला दूर जातानाच आठवतात. आता ताईचा हात मोडला होता, आणि शिकणाऱ्याच्या मागे दोरी धरून धावायला कुणीतरी हवे होते. पुढच्या महिन्यात नोकरीसाठी मी दुसऱ्या गावी जाणार होतो. तोवर घरात रिकामे पाय माझेच.

दुकानात मुलांच्या छोट्या मोटारसायकली उंचीप्रमाणे ओळीने उभ्या होत्या, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा. दुकानदाराने सगळ्यांत टोकाची हिरवी गाडी पुढे ओढली.

"ही आमची सगळ्यांत बुटकी. गिअर नाहीत. ब्रेक दोन्ही हाताशी. हिच्या खाली मग तीनचाकी सायकलच!"

"तीनचाकी तुम्ही चालवा, काका," म्हणत भिंगरी टुणकन सीटवर चढली आणि तिच्या दोन्ही टाचा टेकल्या.

ताई हरखली. "अगं बाई! एका आठवड्यात उंच झालीस की काय?"

भिंगरीच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून मी खाली वाकलो. टाचेपाशी बूट फुगला होता आणि आतून काहीतरी पिवळे डोकावत होते. मी बोटाने दाबले. ते दबले, आणि पुन्हा वर आले.

"मामा, गुदगुल्या करू नकोस ना!" भिंगरी मोठ्याने म्हणाली, आणि तिचे डोळे मात्र माझ्याकडे हात जोडून उभे राहिले.

"किती आहेत?" मी कुजबुजलो.

"दोन-दोन. घासायची बाजू खाली."

"अगं, थांबताना स्पंज दबला की आडवी होशील."

"पुढच्या वर्षी तू कुठे असशील?" तिचा आवाज एवढासा झाला. "मागे आई पळणार. आई ओरडते. तू ओरडत नाहीस."

मी नाडीची गाठ बांधत राहिलो. एकदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली. सांगावे तर तिचे वर्ष जाणार, आणि न सांगावे तर तिचा गुडघा. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय मी न बोलता घेतले आहेत; म्हणजे खरे तर ते इतरांनीच घेतले. पण त्या फुगलेल्या बुटापुढे बसलो असताना मला एक सोपी गोष्ट दिसली. जमीन वर येत नसेल, तर सीट खाली जाऊ शकते.

"सीट कापता येईल का?" मी विचारले.

"काय म्हणालात?" दुकानदार.

"सीट कापता येईल का!"

अख्खे दुकान माझ्याकडे वळले. सर्वांत जास्त दचकलो मीच.

"कशाला?" ताई म्हणाली. "टेकल्यात की टाचा."

"या बुटांत टेकल्यात," मी म्हणालो.

ताईने बुटांकडे पाहिले, मग लेकीकडे. "भिंगरे, बूट काढ."

बूट निघाले. त्यांच्यामागून चार स्पंज एकेक करून फरशीवर उडाले.

"तरीच! सकाळपासून मी भांड्यांचे स्पंज शोधत एका हाताने ओटा उपसतेय आणि उंदराला शिव्या घालतेय! आणि उंदीर इथे गाडीवर बसलाय!"

ती रागावणार होती, पण मधेच तिला हसू फुटले. हसताना मोडका हात दुखला, म्हणून ती "आई गं" म्हणाली, आणि पुन्हा हसली. दुकानदाराने दोन स्पंज एकावर एक ठेवून सीटशेजारी धरले.

"एवढंच ना? बुटातलं सीटमधून काढू."

त्याने सीट उतरवली, रेक्झिन सोलले, लांब सुरीने फोमचा एक थर कापला आणि मागची स्प्रिंग थोडी सैल केली. भिंगरी नुसत्या मोज्यांवर बसली. ताईने गाडीचे माहितीपत्रक तिच्या उजव्या टाचेखाली सरकवून ओढले. निघेना. मग डाव्या टाचेखाली सरकवून ओढले, तर टर्रकन फाटले.

"फाटलं," ताई गंभीरपणे म्हणाली. "म्हणजे टेकली."

दुकानामागच्या मोकळ्या आवारात दुकानदाराने इंजिनच्या बटणाची लांब दोरी माझ्या हाती दिली. ओढली की इंजिन बंद. भिंगरीने बूट चढवले, या वेळी रिकामे. गाडी गुरगुरली आणि निघाली. मीही निघालो.

"समोर बघ! चाकाकडे नको! समोर!"

माझ्या तोंडून निघालेला हा आवाज कुणाचा, असे वाटून मी वळून पाहणार होतो. पण वळायला वेळ नव्हता. भिंत, पिंपे, ताईचे पांढरे प्लास्टर, सगळे माझ्याकडे धावत येत होते. रस्ता समोरून येताना असा दिसतो तर! माझी एक चप्पल कुठेतरी मागे राहिली. मी हसत होतो, श्वास पुरत नव्हता, तरी हसत होतो.

"आता थांब!" मी ओरडलो.

भिंगरी थांबली. डावी टाच, उजवी टाच, दोन्ही ठाम. मी मात्र तसाच तिच्या शेजारून पुढे निघालो. दोरी ताणली गेली, बटणातून फटकन सुटली, आणि इंजिन बंद पडले.

"मामा!" मागून ती किंचाळली. "ब्रेक! ब्रेक!"