थोरल्या जावेच्या हाताचा गुण

थोरलीच्या दारात चपलांचा ढीग पडला की धाकटीच्या पोटात दुखायचं. दोघी सख्ख्या जावा, दारं समोरासमोर. पण इमारतीतली तापलेली, खोकणारी माणसं जायची ती थोरलीकडेच. ती शेगडीवरच्या फळीवरून डबा काढायची, डोळे मिटायची आणि तळहातावर चिमूटभर पांढरी पूड ठेवायची. पूड नुसती निमित्ताला, गुण माझ्या हाताचा, असं वर सांगायची. डॉक्टरांचं उरलेलं औषध घरात ठेवलं तर दुखणं परत येतं, ते माझ्याकडे द्या, मी त्यातला दोष काढते, हेही ठरलेलं. मग जरा बरं वाटलं की लोक निम्मं औषध तिच्या हवाली करून मोकळे.

धाकटीचा नुसता जळफळाट व्हायचा. पोटची पोरही उठसूट "काकू, काकू" करत तिकडेच पळायची, ते तर फारच झोंबायचं.

एकदा पोरीचा घसा सुजला. डॉक्टरांच्या लाल टोपणाच्या कॅप्सूलनी ताप उतरला, तशी उरलेल्या काकूला द्यायच्या असा पोरीने हट्ट धरला आणि धाकटीने त्या मुकाट्याने जावेला दिल्या. आठवड्याच्या आत ताप दुप्पट जोराने परतला. काकूची चिमूट झाली, दुसरी झाली. पोरीला पाणी गिळवेना.

धाकटीने पोरीला उचललं, जावेचा डबा पिशवीत टाकला आणि थेट दवाखाना गाठला. खरं सांगायचं तर पोरीच्या काळजीने ती अर्धमेली झाली होती, तरी जावेचं पितळ उघडं पडणार म्हणून मनातून सुखावलीही होती.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, मग पूड कागदावर ओतली. दमट गोळे, आणि त्यांत लाल टोपणाचा एक तुकडा.

"कुणाकुणाची उरलेली अँटिबायोटिक्स साखरेत कुटलेली दिसतायत," ते म्हणाले. "शेगडीच्या वाफेने खराबही झाली असतील."

"मग लोकांना गुण कसा येतो?"

"साधी सर्दी आपोआप जाते, नाव पुडीचं होतं. हिच्या घशातले जंतू मात्र पुरते मेलेच नव्हते. कॅप्सूल मध्येच कुणी बंद केल्या?"

लाल टोपण पोरीच्याच कॅप्सूलचं होतं. "मीच," धाकटी म्हणाली.

पोर बरी झाली, या वेळी सगळा कोर्स संपवून. अजूनही ती काकूच्या मांडीवर बसते आणि धाकटीला अजूनही झोंबतं. पण थोरलीच्या दारात कुणी दिसलं की ती स्वतःची चूक आधी सांगते आणि मग बजावते: अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं तरच घ्या, सांगितलंय तितकं पुरतं घ्या, कोरड्या, थंड जागी पोरांच्या हाताबाहेर ठेवा. दुसऱ्याचं घेऊ नका, आपलं दुसऱ्याला देऊ नका. काही उरलंच तर त्याचं काय करायचं ते औषधाच्या दुकानात विचारा, माझ्या जावेला नको.