अब्बांनी निवडलेल्या चिंध्या

वरोऱ्यात शाळेचे गणवेश शिवावेत ते लियाकतनेच, आणि १९९८च्या त्या आठवड्यात तर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याच्या आफ्रीनचा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या लेकीचा, प्रयोग नागपूरच्या प्रदर्शनात जाणार होता. बाजारात भेटेल त्याला तो हे ऐकवायचा; न भेटणाऱ्याला गाठून ऐकवायचा.

प्रयोगही चिंध्यांचा. टेरिकॉटच्या चिंध्या कॉस्टिक सोड्यात उकळल्या की त्यातलं पॉलिएस्टर विरघळतं आणि सूत मागे उरतं. मग त्या पाण्यात आम्ल घातलं की पॉलिएस्टरचा मूळ माल पांढरी भुकटी होऊन खाली बसतो, आणि त्यापासून पुन्हा नवा धागा होऊ शकतो. दुकानामागे पोत्यांनी जाळायच्या चिंध्यांचं असं नशीब! लियाकतने स्वतः बसून पांढऱ्या चिंध्यांचं पोतं भरून दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी डबा घेऊन तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेला, तर पोरीचं तोंड एवढंसं झालेलं. दोनदा उकळून झालं, दोनदा आम्ल घालून झालं, पण भुकटीचा कण दिसेल तर शपथ.

"पाच वाजताच्या बसनं मी निघतो," रसायनशास्त्राचे वामनराव सर म्हणाले. "तोवर नाई जमलं तं यंदा तुझं जाणं राहू दे, आफ्रीन."

लियाकत डबा ठेवून पुढे आला. "माल तं मी एक नंबर देल्ला होता, सर! पोरीच्या कॉलेजचं काम म्हणून एकएक तुकडा निवडला. टेरिकॉट सारं काढून जाळलं, अस्सल सुती तेवढं ठेवलं."



"अब्बा!" आफ्रीन ओरडली. "मले टेरिकॉटच पाह्यजे होतं!"

"अवो, पण ते तं हलकं कापड!"

"त्या हलक्यातलंच तं पॉलिएस्टर काढून राह्यली मी!"

त्याने कपाळावर हात मारला. माया करायला गेला आणि पोरीचं नागपूर बुडवायला निघाला! पण रडत बसायला वेळ कुणाला होता? तो सायकलवर सुटला तो दुसरं, अजून न निवडलेलं पोतं लादूनच परतला, आणि ते टेबलावर उपडं केलं. पांढऱ्या चिंध्यांचा ढीग. सुती कोणती, टेरिकॉट कोणती, सरांना काही कळेना.

लियाकतची बोटं मात्र भराभर चालली. चिंधी चुरगाळायची, सोडायची, चुण्या राहिल्या तर सुती म्हणून टाकायची. शंका आली की धागा दिव्यावर धरायचा. नुसती राख झाली तर सुती, टोकाशी कडक गोळी धरली तर टेरिकॉट. दहा मिनिटांत पातेलं भरलं.

चार वाजता, उकळून गाळलेल्या पाण्यात आफ्रीनने आम्लाचा पहिला थेंब सोडला. काही नाही. पाचवा, दहावा, विसावा. "आम्लानं आधी सोडा मरू दे, मंग भुकटी बसन," सर पुटपुटले. लियाकत भांड्यावर वाकला. आणि लिंबू पिळलेल्या दुधासारखं पाणी एकदम फाटलं! तळाशी पांढराशुभ्र थर बसू लागला. आफ्रीन हसता हसता रडायला लागली आणि लियाकतने आनंदाच्या भरात थेट सरांनाच मिठी मारली.

सरांनी स्वतःला कसंबसं सोडवून घेतलं. "पण परीक्षक विचारतील, ढिगातून टेरिकॉट ओळखणार कसं? त्याचं यंत्र कुठी हाय आपल्यापाशी?"

आफ्रीनने बापाचा हात धरून वर केला. "हे काय, सर!"

"मी? मी तं सातवी नापास!"

"ते कोण विचारून राह्यलं, लियाकतभाऊ? चला, बस निघन!"

पाचच्या बसमध्ये जागा मिळाली ती एका रुबाबदार गृहस्थाशेजारी. भद्रावती-चंद्रपूरकडून आलेला, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. बस सुटून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच लियाकतने त्याची बाही हळूच चिमटीत धरून चोळली.

"भाऊ," तो आनंदाने म्हणाला, "सुती म्हणून घेतला ना? टेरिकॉट हाय! फेकू नका, बरं का. फाटला की आमच्या पोरीले आणून द्या."