भरमा तीनदा आला होता

विनयला पोलिसांनी कोगनोळीच्या सीमानाक्यावर पकडलं, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता. पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. दूरच्या एका शहरातल्या बसस्टँडवर स्फोट, चार ठार. त्यात एक बाई लेकीच्या डोहाळजेवणाला निघालेली. "काय दिवस आलेत, सर," असं म्हणून त्यानं बशीतला चहा संपवला. तो बॉम्ब आमच्याच वरच्या खोलीत तयार झाला होता.

मी केशव, एकतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवलेला. रिटायर झाल्यावर बेळगावजवळ पिरनवाडीत घर बांधलं आणि वरची खोली भाड्यानं द्यायला काढली. विनय आला तो साताऱ्याकडचा म्हणून. स्वच्छ मराठी, पायातल्या वहाणा बाहेर काढून आत येणारा, बायकोला काकू म्हणणारा. माझी परीक्षा तेवढीच होती. कानडी मुलखात कुणी असं मराठी बोलत आलं की आम्हा लोकांची अक्कल दोन मिनिटं बाहेर जाऊन उभी राहते. माझी तर पाच महिने आलीच नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. आमच्या भागाचा कॉन्स्टेबल भरमा, खानापूरकडच्या शेतकरी घरातला, माझाच विद्यार्थी. तो अर्ज घेऊन आला. अर्ज कानडीत छापलेला.

"मराठीत आण," मी म्हटलं.

"सर, मराठीत छापूनच येत न्हाय."

"मग साहेबाला सांग, भाषिक अल्पसंख्याकांचे काही हक्क असतात. तुला आठवीत शिकवलंय मी."

दुसऱ्यांदा आला तेव्हा बिचाऱ्यानं तोड काढली होती. "सर, मी मराठीत इचारतो, मीच कानडीत भरतो. तुमी फकस्त सही करा आनि त्येच्या आधारकार्डाची झेरॉक्स द्या." मला कानडी वाचता येत नाही असं नाही. बाजारात मी कानडीतच भांडतो. पण कानडी कागदावर सही करणार नाही, हे मी सत्तराव्या वर्षापर्यंत मिरवलं होतं. तिसऱ्यांदा मी त्याला दारातूनच घालवलं, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. संध्याकाळी कट्ट्यावर तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

भरमाला घालवलं तेव्हा विनय जिन्यात उभा होता. म्हणाला, "सर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून इथं मराठी टिकली." माझी छाती फुगली. बायकोनं, म्हणजे बेबीनं, त्या दिवशी शेवयांची खीर केली होती, त्यातली वाटीभर मी स्वतः वर नेऊन दिली.

दिल्लीहून आलेल्या तपास अधिकाऱ्यांनी मला बेळगावात बोलावून समोर बसवलं. विनयनं मला दाखवलेलं आधारकार्ड दोन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं होतं. "ठाण्यात एकदा तपासलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं," ते हिंदीत म्हणाले. मग कागद उलटून विचारलं, "बीट कॉन्स्टेबल लिहून देतो की तो तुमच्याकडे आलाच नाही. बरोबर?"

मला काही कळेना. मग कळलं. भरमानं सगळं स्वतःवर घेतलं होतं.

मी म्हणालो, "आठवत नाही."

अठराव्या शतकातल्या तहांच्या तारखा मला पाठ आहेत.

बाहेर आल्यावर भरमाचा फोन आला. "सर, तुमी काय बोलू नका. ह्या वयात तुमास्नी कोर्ट-कचेरी झेपायची न्हाय. माझं काय, सा म्हैन्यांनी परत घेतील." मी त्याला एकदाही नको म्हटलं नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवलो, आणि बेबी माझ्याकडं बघत राहिली. तिनं भरमाला तीनही वेळा पाणी दिलं होतं.

आठवड्यानं पेपरात त्याच्या निलंबनाची बातमी आली, फोटोसकट. कामचुकार पोलिसामुळे चौघांचा बळी, असा मथळा. त्याच सकाळी मी बस पकडून त्याच्या गावी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. कदाचित सांत्वन करून परत यावं, एवढाच भ्याड विचार असेल.

दारात त्याची आई, अंबुबाई, तांदूळ निवडत होती. मला बघून उठली आणि माझ्या पायाशी वाकली.

"बरं झालं आला, सर. तुमीच इचारा त्येला. काय कमी केलतं आमी? पगार सरकारचा खायचा आनि एका घरात जाऊन कागद आनायला पाय मोडलं व्हय ह्येचं? चार मानसं मेली माझ्या लेकापायी." तिचा आवाज फुटला. "आट दिस झालं, मी त्येच्याशी बोलले न्हाय. हातानं वाढून घेतोय. तुमी गुरू हाय त्येचं, दोन मुस्काटात मारा."

भरमा आतून दारापर्यंत आला. त्यानं मान हलवली. नको, सर.

त्या मान हलवण्याचा आधार घेऊन मी अजूनही परत फिरू शकलो असतो. तसा क्षणभर वळलोही.

"अंबुबाई," मी म्हटलं, "तो तीनदा आला होता. मीच हाकलला. कानडी अर्जावर सही करायची नव्हती मला."

तिला आधी ते समजलंच नाही. "कशावर?"

"कागदावर. माझ्या हट्टापायी मेली ती माणसं. तुमच्या लेकामुळं नव्हे."

तिथंच अंगणात उभं राहून मी अधिकाऱ्याला फोन लावला. मला सगळं आठवतं, असं सांगितलं. तारखाही सांगितल्या. ते म्हणाले, "उद्या दहाला या. वकील घेऊन या." मी मोबाईल खिशात ठेवला.

अंबुबाईनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडं बघितलंही नाही. माझ्या अगदी जवळून आत गेली. चुलीपाशी ताट सरकवल्याचा आवाज आला आणि मग तिची हाक.

"भरमा, ये रं बाळा. जेवून घे."