अकरा नंबरचा व्हॉल्व्ह

मी एक जुनं पेट्रोल इंजिन आहे. नौपाड्यातल्या एका अंगणात, निळ्या गाडीच्या बॉनेटखाली माझी जागा आहे. मित्रांनो, इंजिनं आवाज करतात आणि धूर सोडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती श्वासही घेतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तेवढं एक ठाऊक नसल्यामुळे १९८७ साली मी जवळजवळ भंगारात गेलो होतो.

माझा जन्म १९७५ सालचा, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. त्या देशात तेव्हा गाड्यांच्या धुरावर कडक कायदे होऊ लागले होते, म्हणून माझ्याभोवती बरंच सामान बसवलं गेलं. एक पंप धुराच्या वाटेत ताजी हवा ढकलायचा. अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथे पुरतं जळून जाई. एक झडप थोडा धूर परत माझ्या पोटात पाठवायची; त्यामुळे आतली आग मवाळ राही. या सगळ्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या पुष्कळ. आणि कार्ब्युरेटरच्या खाली, सहज न दिसणारा, अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह होता.

त्याचं काम नीट ऐका. पेट्रोलचा भडका उडाला की थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटतो आणि खाली तेलाच्या खोलीत उतरतो. तो तिथे साठला तर दाब वाढतो. एका नळीने ताजी हवा आत यायची आणि हा व्हॉल्व्ह साठलेला वायू ओढून परत जाळायला पाठवायचा. थोडक्यात, माझा उच्छ्वास त्या व्हॉल्व्हमधून जायचा.

एका परदेशी साहेबाबरोबर मी बोटीने मुंबईला उतरलो. साहेब मायदेशी परतला आणि गाडी त्र्यंबकरावांकडे आली. ते डोंबिवलीच्या एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. माझं तेल बदलल्याची तारीख ते भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने लिहीत. नवरात्रात गाडी टेंभी नाक्यावर थांबली की देवीच्या रांगेतली माणसंही वळून बघत. कुणी बॉनेट उघडायला लावी आणि म्हणे, "अहो, आत अख्खा कारखानाच आहे की." मी तेव्हा फार खूश असे.

मग वर्षं गेली. रबर कडक होऊन तडकलं. पंप अडकून किंचाळू लागला. धुराची झडप उघडी राहिली ती राहिलीच, त्यामुळे गाडी उभी असताना मी तापकऱ्यासारखा थरथरायचो आणि बंद पडायचो. या सामानाचे भाग ठाण्यात मिळत नव्हते. दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं आणि तसंच परत लावलं. ऑफिसच्या कपड्यांत गाडी ढकलून ढकलून त्र्यंबकराव कंटाळले. विठ्ठलवाडीला दौलत नावाच्या माणसाचं वर्कशॉप होतं. तो पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून देई. काढलेलं इंजिन तोडून विके. त्र्यंबकरावांनी त्याला पुढचा शनिवार सांगितला.

त्यांची मुलगी हेमा नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, शनिवारपर्यंत मला द्या ना इंजिन."

"हेमा, पदवी वेगळी आणि पाना वेगळा."

"म्हणूनच पाना दामाजीकाकांच्या हातात देणार आहे."

दामाजी चेंदणी कोळीवाड्याचे. खाडीतल्या होड्यांची इंजिनं त्यांच्या हाताखालून जात. त्यांनी माझ्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "काय गो पोरी, ह्यो इंजिन हाय का नळांचा दुकान?"

"काका, यातलं काय काढता येईल?"

"समदा काढू. आमचे होडीला यातला एक पन नाय. होडी चालतेच नं?"

हेमा घाईची नव्हती. तिने प्रत्येक नळीला दोरा बांधून नंबर दिला, वहीत आकृती काढली आणि समोर काम लिहिलं. दामाजी हसले. "नळांचा बारसा घातलास की."

पंप, झडप आणि त्यांच्या नळ्या निघाल्या. प्रत्येक उघड्या तोंडावर दामाजींनी पितळी डमी बसवली, म्हणजे पक्कं बूच. माझी थरथर थांबली. मला हलकं वाटलं. वहीत फक्त दोन ओळी उरल्या होत्या. दहा नंबर, ताज्या हवेची नळी. अकरा नंबर, तो व्हॉल्व्ह. त्यांच्यासमोर हेमाने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

शुक्रवारी तिला कल्याणला मुलाखतीसाठी जावं लागलं. जाताना तिने सांगितलं, "काका, दहा आणि अकराला हात लावू नका. मी वाचून सांगते."

दामाजींनी हात लावला. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता, मित्रांनो. आयुष्यभर त्यांनी इंजिनं पाण्यावर सांभाळली होती. खाडीत उघडं भोक म्हणजे आत खारं पाणी, आणि खारं पाणी म्हणजे इंजिनाचा शेवट. म्हणून भोक दिसलं की त्यांचा हात आपोआप बुचाकडे जाई. दहा आणि अकरा निघाले. दोन सुबक डम्या बसल्या. तेलाच्या झाकणाखाली त्यांनी प्रेमाने नवं रबर घातलं. काढलेलं सामान दारावर आलेल्या भंगारवाल्याने नेलं. मला आता कुठूनही श्वास सोडता येत नव्हता, आणि ते सांगायला तोंडही नव्हतं.

शनिवारी त्र्यंबकराव म्हणाले, "मुंब्र्यापुढचा चढ चढलं तर इंजिन राहील. नाही तर तसेच पुढे विठ्ठलवाडीला." ते स्वतः चालवत होते. शेजारी हेमा आणि मागे पान्यांची पिशवी घेऊन दामाजी.

"दहा-अकराचं काय केलंत काका?" हेमाने कळव्याच्या पुलावर विचारलं.

"काढला. अगदी घट्ट बसवलाय डमी. थेंब शिरायचा नाय."

"मी नको म्हटलं होतं."

"बघ तरी कसा चालतंय."

चालत होतो खरा. पण तेलाच्या खोलीत दाब वाढत होता. मुंब्रा मागे पडलं, चढ सुरू झाला, त्र्यंबकरावांनी गिअर उतरवला. आता प्रत्येक भडका मोठा होता आणि प्रत्येक भडक्याला थोडा वायू खाली उतरत होता. माझ्या वरच्या झाकणाचं पॅकिंग एका कडेने फुगलं. तिथून तेल पाझरलं आणि लालबुंद तापलेल्या धुराच्या नळीवर पडलं.

आधी वास आला. मग बॉनेटच्या फटीतून निळा धूर. त्र्यंबकरावांनी गाडी कडेला घेतली आणि मला बंद केलं. मागून येणारे ट्रक हॉर्न देत वळसा घालून गेले.

"झालं," ते म्हणाले. "टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत नेऊ दौलतकडे."

हेमाने बॉनेट उघडलं. ती धुराकडे बघत नव्हती. तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून दोन बोटं वर आली होती.

"काका, ही तुम्ही वर ठेवलीत?"

"मी कशाला ठेवू? दाबून बसवलेली."

"मग आतून कोणी ढकलली?"

मी थोडा निवल्यावर तिने पर्समधून खाऱ्या दाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी काढली, दाणे बाबांच्या रुमालात ओतले, माझं तेलाचं झाकण उघडून त्या तोंडावर पिशवी दोऱ्याने बांधली. "बाबा, एकदाच सुरू करा. फक्त अर्धा मिनिट."

"आणि पेटलं म्हणजे?"

"तेल पुसलंय. मी हात केला की लगेच बंद करा."

मी सुरू झालो. पिशवी हलली, उभी राहिली आणि बघता बघता टम्म फुगली. हेमाने हात केला. मी थांबलो.

दामाजी त्या पिशवीकडे बघत राहिले. "केंड मासा फुगतो तशी फुगली," ते हळू आवाजात म्हणाले. "पाणी आत येऊ नये म्हनून मी बंद केला. ह्याला तं भायेर टाकायचा होता. नाक बांधला मी ह्याचा."

"माझंही चुकलं, काका. नको म्हटलं, पण का नको ते मलाच माहीत नव्हतं."

दामाजींनी पाना काढला. गरम लोखंडाने बोटं भाजत असतानाही त्यांनी त्या दोन डम्या उपसून काढल्या. फुगलेल्या पिशवीतला वायू सुस्कारा टाकावा तसा निघाला. उघड्या तोंडांवर त्यांनी धूळ जाऊ नये म्हणून विरळ फडकं बांधलं. डिकीतलं तेल भरलं. मग मी तो चढ चढलो, मित्रांनो. सावकाश, पण न थांबता.

शीळफाट्याला आल्यावर माझी धडधड वाढली. ठाण्याला परतायचं तर गाडी इथे वळायला हवी होती. ती कल्याणच्या रस्त्याला लागली. विठ्ठलवाडीला दौलतच्या फाटकाच्या आत साखळी आणि कप्पी टांगून तयार होती, बरोबर माझ्या रुंदीची.

"या साहेब, सकाळपासून वाट बघतोय," दौलत म्हणाला. "घ्या गाडी आत, कप्पीखाली."

त्र्यंबकराव खाली उतरले. "इंजिन काढायचं नाही. एक अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह हवाय. तुमच्या इथे एवढी इंजिनं तुटतात, एखादा असेलच."

"त्याच्यासाठी एवढ्या लांब आलात? तो तर आम्ही फेकतो."

"आम्हीही फेकलाच होता," हेमा म्हणाली.

तासभर तिघंजण लोखंडाच्या ढिगापाशी वाकून होते. दामाजी एकेक व्हॉल्व्ह उचलून कानाशी हलवत. आतली गोळी खुळखुळली की हेमा एका बाजूने फुंकून बघे, मग दुसऱ्या बाजूने; एकीकडून वारा जायला हवा, दुसरीकडून अडायला. सातवा चालला. दामाजींनी तो माझ्यात बसवला, ताज्या हवेसाठी ढिगातलीच एक नळी जोडली, आणि या वेळी आधी हेमाकडे बघितलं. तिने मान हलवल्यावरच पाना फिरवला.

त्यानंतर मी बारा वर्षं डोंबिवलीला गेलो-आलो. मात्र एक गोष्ट लपवत नाही. पंप आणि धुराची झडप पुन्हा कधी मिळाली नाहीत. पुढे धुराच्या तपासण्या सुरू झाल्या, त्यांत मी पास होत आलो. तरी तरुणपणी सोडायचो त्यापेक्षा जास्त घाण मी ठाण्याच्या हवेत सोडतो. मी धावतो, एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं समजू नका.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधी पाना येईल. जुन्या यंत्रातलं काही बिनकामाचं वाटेल. ते खुशाल काढा, पण त्याचं काम काय ते आधी शोधा. शोधूनही कळलं नाही, तर पाना खाली ठेवा आणि कुणाला तरी विचारा. यंत्राला विचारलंत तर ते बोलणार नाही. ते फक्त फुगत राहील.