भिंतीवरचा मुस्तावेल्ला

मुस्तावेल्ला हे आडनाव वजा केलं तर इटलीतल्या आमच्या रोक्कामुरा गावाला इतिहासच उरत नाही. हे मत मुस्तावेल्लांचं होतं, आणि गावात मुस्तावेल्ला एकच उरला होता: जेरार्दो, कुणी मेलं की त्याच्या निधनाचे काळ्या चौकटीचे कागद गावातल्या भिंतींवर चिकटवणारा.

घराण्यात एक बिशप झाला होता. एक कप्तानही, जो लढाईवरून सगळ्यांच्या आधी घरी पोचला. एकजण ब्यूनोस आयर्सला आइस्क्रीम विकून श्रीमंत झाला आणि गावाला विसरला. खळीची बादली खाली ठेवून जेरार्दो हे कुणालाही ऐकवी. त्याची मुलगी काटिया नवऱ्याबरोबर, कार्लोबरोबर, तोरिनोत होती, दिवस भरलेले. आता बाळाला आईचंही आडनाव लावता येतं, आणि तिनं तसं कबूल केलं होतं.

"अहो, पोर अजून पोटात आहे," शेजारची मिकेलिना खिडकीतून ओरडली. "आत्ताच दारावर मुलगा झाल्याची निळी फीत? अपशकुन करता?"

"नुसती फीत नाही. चर्चपर्यंत जाऊन बघा."

भिंतीभिंतीवर काळ्या चौकटींच्या शेजारी निळी चौकट होती: लिओनार्दो मुस्तावेल्ला येत आहे.

"जन्मभर मेलेली माणसं चिकटवली, बाई. एक जिवंत चिकटवू द्या की."

फोन आला तेव्हा तो माझ्या बारमध्ये होता. कानानं कमी, म्हणून स्पीकर लावलेला.

"बाबा, बाळ छान आहे. नोंदही झाली."

"आडनाव?"

"कार्लोची आई दोन दिवस जेवली नाही, बाबा. म्हणून फक्त त्यांचंच लावलं."

"तू शब्द दिला होतास."

"मधलं नाव जेरार्दो ठेवलंय ना!"

"मधल्या नावानं कोण हाक मारतं?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. पोरगी खोटं बोलणारी नव्हती.

त्याची खळ पक्की. संध्याकाळपर्यंत सुरीनं खरवडलं, एक कागद निघाला नाही. मग तो माणसं मरायची वाट बघू लागला. गावात म्हातारे भरपूर. एकेका मयताच्या कागदानं एकेक लिओनार्दो झाकला. माझ्या बारसमोरचा तेवढा उरला.

"हा झाकू नको का?" मी विचारलं.

"राहू दे. तो माझ्या कागदासाठी ठेवलाय."

एप्रिलमध्ये तो गेला. काटियानं कागद छापून पाठवले, काळी चौकट, सुबक. चिकटवणारा दुसरा माणूस गावात नाही. गुंडाळी माझ्या कॉफीच्या मशीनमागे आहे.