अकरा वर्षांची शिट्टी

दातकाका म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो. डॉक्टर दात उपटतात आणि मोकळे होतात. पुढचं सगळं निस्तरायचं ते दातकाकांनी. कवळ्या बनवणारा माणूस. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. खिडकीखाली टेबल, टेबलावर घासायचं यंत्र, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत फळ्या. त्या फळ्यांवर अर्ध्या गावाची तोंडं मांडलेली. म्हणजे तोंडांचे प्लास्टरचे साचे हो, पांढरेशुभ्र, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलनं नाव लिहिलेलं. नवखा माणूस आत आला की दोन पावलं मागे सरकायचा.

त्याच गावातल्या चर्चमध्ये दातकाका मंडळीचे 'वडील', म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एकही होते. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायचे, आजाऱ्यांना भेटायला जायचे, कुणाचं छप्पर गळालं तर शिडी घेऊन पहिले हजर. सरळ माणूस, असं सगळे म्हणत. आणि होतेच सरळ. फक्त एका जागी वाकडं होतं, आणि ते त्यांच्या बायकोशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना, जिथे आपण इतरांना केलेल्या क्षमेचा विषय येतो, नेमक्या त्या ओळीला दातकाकांना खोकला यायचा. दर रविवारी, न चुकता, अकरा वर्षं.

"औषध देऊ का खोकल्यावर?" काकू घरी येताना गोड आवाजात विचारायच्या.

"प्लास्टरच्या धुळीनं होतं गं," असं म्हणून दातकाका चालण्याचा वेग वाढवायचे.

कसली धूळ नि कसलं काय. खोकल्याचं कारण पुढच्या बाकाजवळ उभं राहून गात असायचं. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणे. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि आवाज असा की छतावरच्या पारव्यांनीही गप्प बसावं. दातकाकाही एकेकाळी त्यांच्या हाताखाली गायनवृंदात होते. उत्साह दांडगा, पण सूर मात्र त्यांच्या वाटेला कधी फिरकला नाही. एका सरावाला बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तीस माणसांसमोर म्हणाल्या, "तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका." तीसच्या तीस माणसं हसली. लहान मुलंसुद्धा.

दातकाकांनी त्याच दिवशी गायनवृंद सोडला. आता गंमत बघा, दोनच महिन्यांनी बाईंचे उरलेसुरले दात गेले आणि कवळी करायची वेळ आली. गावात कवळीवाला एकच.

दातकाकांनी कवळी केली. चांगली केली. बसवून बघितली, बाईंना चार ओळी म्हणायला लावल्या, आणि कवळ्यांच्या कामात मुरलेल्या दातकाकांना कळलं की 'स' म्हणताना बारीकशी शिट्टी वाजते. वरच्या पुढच्या दातांमागे, टाळूशी, जरासं जास्त राहिलं होतं. कानस दोनदा फिरवली की काम झालं. त्यांनी कानस उचललीही. मग त्यांना ती तीस माणसं आठवली, आणि त्यांनी कानस खाली ठेवली.

"नवीन आहे, वापरून वापरून जाईल," ते म्हणाले.

ती कुठली जाते? बाई अकरा वर्षं शिट्टीसकट गायल्या. सुरुवातीला पोरं खुदखुदली, मग मंडळीला सवय झाली, पुढे तर शिट्टीशिवाय नाताळ सुरू झाल्यासारखा वाटेना. बाई तक्रार घेऊन कधी आल्या नाहीत. दातकाकांनी कधी बोलावलं नाही. रस्त्यात भेटले की दोघं हवापाण्यावर बोलत आणि आपापल्या वाटेनं जात. पहिलं वर्षभर दातकाकांना मनातून थोडी मजा वाटली, खोटं कशाला बोला. नंतर मात्र ती शिट्टी बाईंच्या तोंडून निघायची आणि लागायची यांच्या काळजाला. एवढी वर्षं गेल्यावर जाऊन सांगायचं तरी काय? जितके दिवस जावेत तितकं तोंड उघडणं अवघड. शिवाय सरळ माणूस म्हणून नाव झालेलं. ते गेलं तर मग उरतं काय, हीच भीती.

तर एका मंगळवारी दुपारी बाईंची सून दारात उभी. धापा टाकत होती.

"दातकाका, घोटाळा झालाय. शनिवारी आमच्या पोरीचं लग्न. काल पाहुण्यांबरोबर जेवताना सासूबाईंनी कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली, आणि मी मूर्ख, टेबल आवरताना सगळे रुमाल गोळा करून टाकून दिले. कचऱ्याची गाडी सकाळीच गेली."

"मग?"

"मग काय, खोलीचं दार लावून बसल्यात. शहरातला कवळीवाला पंधरा दिवस लागतील म्हणाला. लग्नात त्या गाणार होत्या. पोरगी म्हणते, आजी गाणार नसेल तर मी आतच येणार नाही चर्चमध्ये. आणि सासूबाई म्हणतात, तुमच्याकडे यायचं नाही."

"असं म्हणाल्या?"

"दात नाहीत ना, नीटसं कळलं नाही. पण मान अशी हलवली." सुनेनं मान हलवून दाखवली. अर्थ स्वच्छ होता.

दातकाका उठले. हातातलं दुसऱ्याचं काम बाजूला सारलं आणि सरळ बाईंच्या घरी गेले. बंद दारासमोर उभं राहून म्हणाले, "बाई, जुना साचा चालायचा नाही, अकरा वर्षांत हिरड्या बदलतात. उद्या ठसा, परवा मेणाचा चावा, शुक्रवारी दात हातात. खोलीत तुम्ही आणि मी, तिसरं कुणी नाही. मी फळीवर सगळ्या गावाची बोळकी बघतो, आणखी एकानं मला काही होत नाही."

 आत खुर्ची सरकली.

बुधवारी बाई आल्या, तोंडावर रुमाल धरून, राणीसारख्या खुर्चीत बसल्या, ठसा दिला आणि गेल्या.  त्या दिवशी दातकाकांना जेवण गेलं नाही. काकूंनी विचारलं तर त्यांनी सगळं सांगून टाकलं, कानशीसकट.

काकू ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "खोकला कसला आहे ते माहीत होतं मला. पण हे एवढं असेल असं नव्हतं वाटलं."

"नवी कवळी न वाजणारी करतो. मिटला प्रश्न."

"कुणाचा मिटला? त्यांचा मिटेल. तुमचा कसा मिटणार?" काकू म्हणाल्या. "रविवारी पोरांना काय शिकवता हो तुम्ही? प्रीती करा म्हणून सांगता ना? मग नुसते दात देऊन भागायचं नाही."

गुरुवारी बाई चाव्यासाठी आल्या. चावा म्हणजे असं, की मऊ केलेल्या मेणाच्या पट्ट्या दोन्ही हिरड्यांवर बसवायच्या, माणसानं तोंड मिटून दाबून धरायचं, आणि मेण थंड होईस्तोवर जबडा तसूभर हलवायचा नाही. हलवला की सगळं वाया. दातकाकांनी पट्ट्या बसवल्या. बाईंनी तोंड मिटलं.

आणि काय सांगू, या भल्या माणसानं तोच मुहूर्त गाठला. समोरच्याला एक शब्द बोलता येणार नाही, अशा वेळी कबुली द्यायची. शूरपणा म्हणतात तो असा. पण निदान दिली, हेही खरं.

"बाई, हलू नका. मला एक सांगायचंय. ती शिट्टी माझ्यामुळे होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. दोन मिनिटांत निघाली असती. तुम्ही मला सगळ्यांसमोर बोललात त्याचा राग होता, म्हणून ठेवली. मुद्दाम ठेवली. अकरा वर्षं तुम्ही देवापुढे उभं राहून गायलात आणि मी मागे बसून ऐकत राहिलो. मला फार लाज वाटते. क्षमा करा."

बाईंचे डोळे त्यांच्यावर रोखलेले. ना मोठे झाले, ना बारीक. दातकाकांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मेण थंड व्हायला इतका वेळ आयुष्यात कधी लागला नव्हता. शेवटी त्यांनी पट्ट्या काढल्या. बाई उठल्या, रुमाल तोंडावर धरला, आणि निघून गेल्या.

"गेल्या," दातकाका काकूंना म्हणाले. "आता त्या गाणार नाहीत. माझ्या हातचे दात कशाला तोंडात घालतील?"

"तुम्ही तुमचं काम करा," काकू म्हणाल्या.

एरवी मेणात दात लावून एकदा तोंडात बसवून बघायचे असतात. बाईंना परत बोलवायची यांची छाती नव्हती. मग अंदाजानं करायचं ठरलं. पण टाळूजवळची ती एक जागा मात्र अंदाजाची नव्हती. ती त्यांना झोपेतही सापडली असती. तिथे त्यांनी घासलं, बोट फिरवलं, पुन्हा घासलं. शुक्रवारी संध्याकाळी काकू डबी घेऊन गेल्या आणि सुनेच्या हातात देऊन आल्या. निरोप काही आला नाही.

शनिवारी दातकाका शेवटच्या बाकावर जाऊन बसले.  नवरी आत आली, प्रार्थना झाली, आणि चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब यांनी पुढच्या बाकाकडे बघून मान डोलावली. बाई उठल्या. निळी साडी, पाठ ताठ. गाणं त्यांनी असं निवडलं होतं की ओळीओळीत 'स' ठासून भरलेला. दातकाकांनी डोळे गच्च मिटले.

पहिला 'स' आला आणि गेला. स्वच्छ. दुसरा आला. तिसरा. मंडळीतले लोक एकमेकांकडे बघू लागले, रोजची घंटा वाजली नाही की बघतात तसे. नवरी मागे वळून आजीकडे पाहत राहिली. गाणं उंच चढलं आणि कुठेही न अडखळता खाली उतरलं, आणि दातकाका शेवटच्या बाकावर लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

लग्नानंतर चर्चच्या मागच्या दालनात जेवणं होती. लांबलचक टेबलं, त्यांवर सूपचे वाडगे, पोरांची धावपळ. पाळकसाहेब बाईंच्या समोर बसले होते आणि स्वभावाप्रमाणे मोठ्यानं बोलत होते.

"बाई, आज ती शिट्टी गेली कुठे? मला वाटलं, माझेच कान बिघडले. जुन्या कवळीचा दोष होता की काय?"

आजूबाजूचे चमचे थांबले. दोन खुर्च्या पलीकडे बसलेल्या दातकाकांनी मान खाली घातली.

"कवळीला का नावं ठेवता?" बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्याच हिरड्या आकसलेल्या. दोष माझा. आता नव्यानं माप घेतलं, बसलं नीट."

झालं. सुटले. जिच्यावर अन्याय केला तिनंच पांघरूण घातलं होतं. नाव शाबूत, सरळ माणूस सरळच. दातकाकांनी फक्त गप्प बसून सूप प्यायचं होतं. त्यांनी चमचा उचलला, ठेवला, आणि उठून उभे राहिले.

"बाईंचा दोष नाही," ते म्हणाले.  "ती शिट्टी मी ठेवली होती. मला दिसत होती चूक, तरी काढली नाही. रागापोटी. अकरा वर्षं."

  बाईंनी तोंड पुसलं आणि दातकाकांकडे वळल्या.

"बसा हो खाली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच महिन्यात मी ती कवळी शहरातल्या माणसाला दाखवली होती. तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, ज्यानं केली त्याच्या लक्षात कसं नाही आलं? तेव्हाच समजले मी. अकरा वर्षं कुणाला कळू दिलं नाही, या सुनेलासुद्धा नाही. आणि तुम्ही सूप संपायच्या आत सगळ्या गावाला सांगून मोकळे."

दातकाका उभेच राहिले. "माहीत होतं? मग त्याच्याकडून घासून का नाही घेतलीत?"

 बाई इतक्या हळू बोलल्या की पलीकडच्यांना पुढे वाकावं लागलं.

"चारचौघांत बोलले होते मी तुम्हाला. घरी गेल्यावर कळलं, की हे बरोबर नाही झालं. रोज म्हणायची, उद्या जाऊन सांगेन. जमलं नाही, जीभ वळली नाही. मग म्हटलं, सांगता येत नाही तर निदान हे सोसावं. तुमचा राग आहे, राहू दे माझ्याजवळ. गाताना वाजली की तेवढ्यापुरती तुमची आठवण व्हायची, आणि तुमच्यासाठी प्रार्थना करायची. गुरुवारी तुम्ही बोललात, तेव्हा मलाही बोलायचं होतं. पण तोंडात मेण, आणि नंतर रडू येत होतं, ते बिनदातांचं रडू तुम्हाला कशाला दाखवू? म्हणून निघून आले. आता सांगते. चुकलं माझं."

एवढं बोलून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या पुतण्याला उठवलं आणि खुर्ची बाहेर ओढली. दातकाका येऊन बसले.  काकूंनी लगेच नवऱ्याचा वाडगा उचलला आणि बाईंच्या वाडग्याशेजारी आणून ठेवला.