निळ्या पाण्यातलं माहेर

नीलकंठरावांनी घरात कधी इकडची काडी तिकडे केली नाही, पण पूजेचं पंचपात्र घासायचं काम एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. बीरगावच्या शेजारणी त्यांच्या बायकोला, गोदूला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई! गोदूलाही ते खरं वाटे, कारण पंचपात्र तिच्या आईचं, माहेराहून आलेली तेवढी एकच वस्तू.

यंदा मात्र नीलकंठरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि महालक्ष्म्या तोंडावर आल्या. ते हिरवी पट्टी बांधून बसलेले असताना हिंदी बोलणाऱ्या सुनेनं, निवेदितानं, चिंच घेऊन पंचपात्र घासायला घेतलं. ते चाचपडत उठायला लागले.

"बाबूजी, ये तो काला निकल रहा है." तिनं फ्रिजवरचा चुंबक काढून लावून पाहिला. तो खटकन चिकटला. "आई, ये तांबा नहीं, लोहा है!"

गोदू हात पुसत आली. "माह्या आईचं तांब्याचं होतं. मंग हे कोनाचं? अहो, काहून बोलत नाही?"

आता किती लपवणार? लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला खूश करायला नीलकंठरावांनी ते पातळ पत्र्याचं भांडं सिलतऱ्याच्या कारखान्यात, आपल्या प्रयोगशाळेत नेलं, चकचकीत व्हावं म्हणून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकलं आणि चहाला गेले. गप्पा रंगल्या. येऊन बघतात तो भांडं नाहीच, नुसतं निळं पाणी! केमिस्ट म्हणवणाऱ्याचं हे शहाणपण. मग मारोती फिटरकडून तसंच लोखंडाचं करून घेतलं आणि त्याच पाण्यात बुडवलं. थोडं लोखंड पाण्यात उतरलं, पाण्यातलं तांबं त्याच्या जागी येऊन बसलं. उरलेलं निळं पाणी त्यांनी बाटलीत भरून ठेवलं, आणि घासण्याच्या नावाखाली दर वर्षी ते भांडं त्यातच बुडवत आले होते.

हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तांबं तुह्या आईचंच होय, गोदू. माळ्यावर बाटली हाये. अर्धी उरली अजून."

गोदूनं स्टूल लावून बाटली काढली. तिच्यावर नवऱ्याच्याच अक्षरात ‘विष’ असं लिहिलेलं. आता ही मोरीत ओतणार, असं नीलकंठरावांना वाटलं. आपल्या भेकडपणाची त्यांना मनापासून लाज वाटली.

"हात नको लावू, जहर हाये ते."

"एकतीस वर्षं मले सांगता नाही आलं तुमाले?" तिचा आवाज फाटला. मग तिनं पदरानं बाटली पुसली, हळदीकुंकू लावलं आणि महालक्ष्म्यांच्या पाटाशेजारी ठेवली.

"निवेदिता, उद्या पहिलं पान माह्या आईचं वाढजो."